दादा पितो, तेव्हा धाकट्याचे काय होते?

टेंभुर्णी म्हटले की बहुतेकांना सोलापूरकडची टेंभुर्णी आठवते. इथे बोलायचे आहे ते जालना जिल्ह्यातल्या, जाफराबाद तालुक्यातल्या टेंभुर्णीविषयी आणि तिच्या आसपासच्या गावांविषयी. कापूस, सोयाबीन आणि मक्याचा हा भाग. इथल्या कोणत्याही गावात सापडेल असे एक घर डोळ्यांसमोर आणू या. हे घर कोणा एका कुटुंबाचे नाही. अनेक घरांतल्या गोष्टी त्यात एकत्र आल्या आहेत.

मोठा मुलगा पंचवीस-सव्वीस वर्षांचा, धाकटा पंधरा वर्षांचा, दहावीतला. धाकट्याला विहिरीत पोहायला दादाने शिकवले. मोटारसायकलच्या टाकीवर बसवून यात्रेला दादाने नेले. दादा कबड्डीत चढाईला निघाला की मैदानाच्या कडेला याचाच आवाज सगळ्यात मोठा. शाळेत कोणी त्रास दिला तर ‘दादाला सांगेन’ एवढे म्हटले की पुरे. धाकटा केस दादासारखे कापतो आणि शर्टाच्या बाह्याही दादासारख्याच दुमडतो.

मग दादाचे मित्रांबरोबर ‘बसणे’ सुरू होते. आधी लग्नसराईत, मग बाजाराच्या दिवशी, मग रोज. सोयाबीन घेऊन आडतीवर गेलेला दादा तिसऱ्या दिवशी रिकाम्या खिशाने घरी येतो. किराणा दुकानातली उधारी वाढते. आईच्या कानातले एक दिवस दिसेनासे होते. आणि एका रात्री दादा आईवर हात उगारतो. धाकटा मध्ये पडतो, तेव्हा दादा त्याला भिंतीवर ढकलतो. सकाळी तोच दादा विचारतो, ‘कपाळाला काय लागलं रे तुझ्या?’

धाकट्याला वाटते, दादा नाटक करतोय. बहुधा ते नाटक नसते. थोड्या वेळात खूप दारू पोटात गेली की मेंदूतला हिप्पोकॅम्पस नावाचा भाग नव्या आठवणी साठवण्याचे काम थांबवतो. माणूस चालतो, बोलतो, भांडतो, पण त्या वेळेची नोंदच मेंदूत होत नाही. दादाच्या डोक्यातून ती रात्र गेलेली असते. धाकट्याच्या डोक्यात ती कायमची राहते.

असे कुटुंब कधी तरी सरकारी दवाखान्यात येते. थोरल्याचे यकृत तपासतात, रक्त तपासतात, आईला प्रश्न विचारतात. धाकटा बाहेरच्या बाकावर पिशवी धरून बसलेला असतो. त्याला कोणी काही विचारत नाही. खरे तर त्या घरातला तो दुसरा रुग्ण असतो.

मन का तुटते?

बापाचा धाक असतो, शिक्षकाचा आदर असतो; मोठा भाऊ मात्र नक्कल करता येईल इतका जवळचा असतो. ‘मी मोठा झालो की असा होईन’ हे चित्र लहानपणी बरेचदा त्याच्याकडे पाहूनच तयार होते. म्हणून तो घसरला की धाकट्याचे स्वतःच्या भविष्याचे चित्रही मोडते.

त्यात वय अडचणीचे. किशोरवयात मेंदूचे भावना पेटवणारे भाग जोरात असतात. थांबणे, तोलणे, दोन बाजू पाहणे ही कामे करणारा कपाळामागचा भाग मात्र विशीच्या मध्यापर्यंत पक्व होत राहतो. त्यामुळे या वयात माणसे एक तर देव असतात, नाही तर राक्षस. ‘दादा चांगला आहे आणि दादाने फार वाईट केले’ ही दोन वाक्ये एकाच वेळी मनात ठेवणे मोठ्यांनाही जड जाते. पंधरा वर्षांच्या मुलाला ते कोणाच्या मदतीशिवाय जमत नाही.

शिवाय हे एक प्रकारचे सुतक असते, पण ते पाळायला कोणी येत नाही. माणूस समोर आहे, जेवतोय, झोपतोय, पण आपल्या ओळखीचा राहिलेला नाही. अमेरिकेतल्या कुटुंबतज्ज्ञ पॉलिन बॉस यांनी अशा दुःखाचा विशेष अभ्यास केला. मृत्यूनंतर लोक भेटायला येतात, रडायला परवानगी असते. इथे माणूस जिवंत असल्याने दुःखाला नावच मिळत नाही. उद्या दादा पुन्हा पहिल्यासारखा होईल ही आशा रोज उगवते आणि रोज संध्याकाळी मावळते.

हे दुःख मुलगे बोलून दाखवत नाहीत. ते शरीरातून बाहेर येते. वारंवार पोट दुखणे, डोके दुखणे, रात्री मोटारसायकलचा आवाज आला की छातीत धडधडणे, झोप न लागणे. काही मुले चिडकी होतात, शाळा बुडवतात, घरी जाणे टाळतात. काही अगदी उलट होतात. पहाटे उठून जनावरांचे पाहतात, आईला सांभाळतात, कधी हट्ट करत नाहीत. अशा मुलाला ‘किती शहाणा झालाय’ म्हणून शाबासकी मिळते. त्या शहाणपणामागे भीती असू शकते, हे कोणाच्या लक्षात येत नाही.

राजकोटचे सोन्याचे कडे

थोरल्या भावाच्या दबदब्यात धाकटा कसा ओढला जातो, याची एक प्रांजळ नोंद महात्मा गांधींच्या आत्मकथेत आहे. राजकोटला शिकत असताना आपला मोठा भाऊ आणि त्याचा मित्र हे दोघे अंगाने मजबूत, धीट, आणि आपण मात्र किरकोळ, असे त्यांना वाटे. त्या प्रभावाखाली त्यांनी घरच्यांपासून लपवून मांस खाल्ले. पुढे त्या भावाला सुमारे २५ रुपयांचे कर्ज झाले. त्याच्या हातात सोन्याचे कडे होते. पंधरा वर्षांच्या मोहनने त्यातला तुकडा चोरला आणि कर्ज फिटले.

चोरीचे ओझे मात्र त्यांना पेलेना. तोंडाने सांगण्याचे धाडस नव्हते, म्हणून त्यांनी चिठ्ठी लिहून आजारी वडिलांच्या हातात दिली. वडिलांनी अंथरुणावर उठून बसून ती वाचली. त्यांच्या डोळ्यांतून पाणी आले. त्यांनी चिठ्ठी फाडली आणि पुन्हा पडून राहिले. ना मार, ना शिवी.

गांधींच्या भावाचे प्रकरण दारूचे नव्हते. पण घडण तीच आहे. कर्ज थोरल्याचे, चोरी धाकट्याची, गुपित दोघांचे. आणि ते गुपित सुटले ते ऐकून घेणारा एक मोठा माणूस भेटला म्हणून.

धाकट्यावर लादलेली कामे

व्यसनाच्या घरात धाकट्याला बरीच कामे करावी लागतात. दुकानदाराला ‘दादा घरी नाही’ असे सांगणे, बाटल्या लपवणे, गटारीच्या कडेला पडलेल्या दादाला अंधारात उचलून आणणे. काही घरांत तर त्यालाच बाटली आणायला पाठवतात. बालकाकडून दारूची ने-आण करून घेणे हा बाल न्याय कायदा, २०१५ नुसार गुन्हा आहे. त्याला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी होऊ शकते.

दोन कामे तर जिवावर बेतणारी आहेत. पहिले, दारू सोडवण्याची गोळी गुपचूप भाजीत मिसळणे. हे औषध म्हणजे डायसल्फिराम. त्याचा हा उपयोग १९४०च्या दशकात डेन्मार्कमध्ये ध्यानात आला. दारू पचताना शरीरात अॅसिटाल्डिहाइड नावाचे विषारी द्रव्य तयार होते. ते पुढे मोडण्याची क्रिया ही गोळी अडवते. गोळी पोटात असताना दारू घेतली की चेहरा लाल होतो, उलट्या होतात, छाती धडधडते, रक्तदाब कोसळतो. हृदयविकार असलेला माणूस दगावूही शकतो. गोळी बंद केल्यावरही दोन आठवड्यांपर्यंत हा धोका राहू शकतो. म्हणून हे औषध रुग्णाला सगळे सांगून, त्याच्या संमतीने आणि डॉक्टरांच्या देखरेखीखालीच द्यायचे असते. ते पंधरा वर्षांच्या मुलाच्या हातून चोरून द्यायला लावणे म्हणजे एका आजारात दुसरे पाप घालणे. उद्या काही झाले तर ‘मी दादाला मारलं’ हे ओझे त्या मुलाला जन्मभर वागवावे लागेल.

दुसरे, दारू सुटावी म्हणून दादाला खोलीत कोंडून धाकट्याला राखणीला बसवणे. रोज भरपूर पिणाऱ्याची दारू एकाएकी बंद झाली की काही तासांत हात थरथरतात, घाम फुटतो. पहिल्या दोन दिवसांत झटके येऊ शकतात. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास भ्रम होऊ शकतो. भिंतीवर किडे दिसतात, नसलेली माणसे दिसतात, ताप चढतो. याला ‘डेलिरियम ट्रेमेन्स’ म्हणतात. उपचार न मिळाल्यास त्यात मृत्यू येऊ शकतो. रुग्णालयात योग्य औषधे आणि थायमिन हे जीवनसत्त्व दिले की हा काळ सुखरूप पार पडू शकतो. कडी लावून दारू सुटत नाही.

धोका धाकट्यालाही

२०१९ मध्ये दिल्लीच्या ‘एम्स’ने केंद्र सरकारसाठी केलेल्या सर्वेक्षणाचा अहवाल आला. त्यानुसार देशात सुमारे १६ कोटी लोक दारू पितात आणि ५.७ कोटींहून अधिक लोकांना दारूच्या त्रासासाठी मदतीची गरज आहे. दारूवर अवलंबून असलेल्या ३८ जणांपैकी जेमतेम एकाला कसली तरी मदत मिळाली होती. या प्रत्येक माणसामागे एक घर असते आणि बऱ्याच घरांत शाळेत जाणारे मूल असते.

जुळ्यांवरच्या अभ्यासांतून असे दिसते की, दारूच्या आहारी जाण्याच्या प्रवृत्तीत आनुवंशिकतेचा वाटा साधारण निम्मा असतो. त्यातला काही भाग सख्ख्या भावंडांत सामाईक असतो. त्यात सुरुवातीचे वय महत्त्वाचे. अमेरिकेत १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत, पंधरा वर्षांच्या आत पिऊ लागलेल्यांत पुढे व्यसन जडण्याचे प्रमाण विशीनंतर सुरुवात करणाऱ्यांच्या सुमारे चौपट आढळले. याचा अर्थ धाकट्याचे नशीब ठरलेले आहे असा नाही. निम्मा वाटा परिस्थितीचा आहे आणि ती बदलता येते. ‘दादासारखाच होणार हा’ असे टोमणे मारण्याऐवजी, ‘तुझ्या बाबतीत पहिला घोटच धोक्याचा आहे’ असे त्याला शांतपणे समजावून सांगावे.

मग काय करावे?

महाराष्ट्रात या विषयाला तोंड फोडणाऱ्यांत डॉ. अनिल अवचट आणि डॉ. सुनंदा अवचट ही नावे मोठी. पुण्यात येरवड्याला २९ ऑगस्ट १९८६ रोजी मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र सुरू झाले. पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या देणगीचा त्याला आधार होता. व्यसनी माणसाबरोबर त्याच्या घरच्यांनाही उपचारात सामील करून घ्यायचे, ही पद्धत अशा केंद्रांमुळे रुजली. परदेशात ‘अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस’ची सुरुवात १९३५ मध्ये झाली, कुटुंबीयांसाठी ‘अल-अॅनॉन’ १९५१ मध्ये आली आणि खास किशोरवयीन मुलांसाठी ‘अलाटीन’ १९५७ मध्ये कॅलिफोर्नियात सुरू झाली. ती सुरू करण्यात पुढाकार होता तो एका शाळकरी वयाच्या मुलाचाच.

धाकट्याला तीन गोष्टी स्पष्ट शब्दांत सांगाव्या लागतात. दादाचे पिणे तुझ्यामुळे सुरू झालेले नाही. ते थांबवणे तुझे काम नाही. आणि दादाचा राग येतो म्हणून तू वाईट भाऊ ठरत नाहीस. व्यसन हा मेंदूचा आजार आहे हे खरे, आणि दादाने मारले ते चूक होते हेही खरे. आजाराचे कारण सांगून मार पोटात घालायला मुलाला भाग पाडू नये.

घरात काही नियम हवेत. दादा पिऊन आल्यावर वाद घालायचा नाही, बोलणे सकाळी. मारहाण सुरू झाली तर धाकट्याने मध्ये पडायचे नाही. काका, मामा किंवा शेजारी, कोणाच्या घरी पळायचे ते आधीच ठरलेले असावे. कीटकनाशके आणि तणनाशके घरात उघड्यावर ठेवू नयेत, कुलपात ठेवावीत आणि किल्ली जबाबदार माणसाकडे असावी. नशेत किंवा निराशेत हात सर्वांत आधी तिकडे जातो, दादाचाही आणि कधी धाकट्याचाही.

मदतीची दारे आहेत. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमातून जिल्हा रुग्णालयात मानसोपचार मिळतात. किशोरवयीनांसाठी सरकारी रुग्णालयांत ‘मैत्री क्लिनिक’ असतात. ‘टेली-मानस’च्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतून, मोफत, दिवसरात्र बोलता येते. मूल धोक्यात असेल तर १०९८ हा क्रमांक आहे. गावातल्या आशाताईंना सांगितले तरी सुरुवात होते.

दादा उपचाराने बरा होऊ शकतो. अनेक जण होतात. मध्ये पुन्हा घसरतात, पुन्हा उभे राहतात. पण तो बरा झाला त्या दिवशीच धाकट्याने गळ्यात पडावे, अशी अपेक्षा धरू नये. विश्वास तुटायला एक रात्र लागली असेल, तो जुळायला वर्ष लागेल, आणि पूर्वीची भक्ती कदाचित कधीच परत येणार नाही. त्यात काही बिघडत नाही. देव मानलेला दादा गेला तरी चुकलेला, सावरत असलेला एक भाऊ मिळू शकतो, आणि त्याच्याशी नाते जोडता येते.

तोवर थोरल्याच्या तपासण्या चालू असताना आईने, मामाने, शिक्षकाने, डॉक्टरांनी बाकावरच्या त्या मुलाशेजारी दोन मिनिटे बसावे आणि विचारावे, ‘तुझं कसं चाललंय?’ तो लगेच उत्तर देणार नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारावे.