एक्स्टर्नल : मॅक्स आणि प्युअर डेटाच्या विस्ताराचा मागोवा

मॅक्स आणि प्युअर डेटा या प्रणालींत संगीताचा प्रोग्राम ओळीखाली ओळ लिहून होत नाही, तो पडद्यावर मांडला जातो. एकेका कामासाठी एकेक चौकट असते. तिच्या वरच्या कडेला इनलेट आणि खालच्या कडेला आउटलेट असतात. एका चौकटीच्या आउटलेटपासून दुसरीच्या इनलेटपर्यंत वायर ओढली की तिच्यातून आकडे, संदेश किंवा प्रत्यक्ष ध्वनी वाहू लागतो. या मांडणीला पॅच म्हणतात आणि चौकटीला ऑब्जेक्ट. बरेचसे ऑब्जेक्ट प्रणालीबरोबरच मिळतात. उरलेले बाहेरचे लोक बहुधा सी भाषेत लिहितात आणि कंपाइल करून वेगळ्या फाइलच्या रूपात देतात. रिकाम्या चौकटीत त्या फाइलचे नाव टाइप केले की प्रणाली ती शोधून उघडते आणि नवा ऑब्जेक्ट घरच्या ऑब्जेक्टसारखाच वागू लागतो. हाच एक्स्टर्नल. फाइल सापडली नाही तर प्युअर डेटामध्ये चौकटीची कड तुटक रेषेची होते आणि पॅचचा तेवढा भाग मुका राहतो.

या साऱ्याची मुळे पॅरिसच्या इर्कॅम या संगीत-संशोधन संस्थेत आहेत. 1980च्या दशकाच्या मध्यावर तिथे ज्यूसेप्पे दि ज्यूनो यांनी बनवलेले फोर-एक्स हे ध्वनियंत्र होते. ते प्रत्यक्ष मैफलीत ध्वनी घडवू शकत असे, पण त्याला वेळेवर हुकूम देणे फार किचकट काम होते. मिलर पकेट या अमेरिकन गणितज्ञाने त्यासाठी मॅकिंटॉशवर ‘पॅचर’ नावाचा प्रोग्राम लिहिला. 1988 मध्ये फिलिप मानूरी यांची पियानो आणि इलेक्ट्रॉनिक्ससाठीची ‘प्लुतों’ ही रचना त्याच्या आधाराने सादर झाली. पुढे प्रोग्रामला मॅक्स मॅथ्यूज यांचे नाव मिळाले. 1957 मध्ये बेल लॅब्जमध्ये संगणकाकडून संगीत वाजवून घेणारे मॅथ्यूज ते हेच. कोणता संदेश केव्हा पाठवायचा हे ठरवण्याची मॅक्सची रीतही त्यांच्याच कामावरून सुचली होती.

1990 मध्ये कॅलिफोर्नियाच्या ओपकोड कंपनीने मॅक्स बाजारात आणले. त्याला विक्रीयोग्य रूप डेव्हिड झिकारेली यांनी दिले. सुरुवातीच्या या मॅक्समध्ये ध्वनी नव्हताच, फक्त मिडीचे आकडे होते, म्हणजे कोणती पट्टी, किती जोराने आणि केव्हा. ओपकोडच्या काळात बाहेरच्यांना सी भाषेत ऑब्जेक्ट लिहिण्याची सोय उघडी ठेवली गेली. त्या दशकातला सर्वांत दूरगामी निर्णय हाच म्हणावा लागेल. मॅक्सचे कर्ते पाश्चात्त्य समकालीन संगीतात वाढलेले होते. ज्या संगीताचा त्यांना अनुभव नव्हता त्याच्या गरजा त्यांच्या मूळ चौकटींत उतरणे शक्य नव्हते. त्या गरजांना आत येण्यासाठी एवढी एकच वाट होती.

ही अडचण नेमकी कशी असते हे गोव्याच्या लयपरंपरेच्या एका उदाहरणावरून कळते. खाप्रूमामा पर्वतकर हात, पाय आणि तोंड यांनी एकाच वेळी वेगवेगळे ताल धरत, अशी त्यांची ख्याती होती. तशी मांडणी पॅचमध्ये करायची तर मेट्रो नावाचे, म्हणजे ठरावीक अंतराने ठोका देणारे, अनेक ऑब्जेक्ट लागतात. सुरुवातीच्या मॅक्समध्ये हे अंतर पूर्ण मिलिसेकंदांत द्यावे लागे. एका सेकंदात सात ठोके बसवायचे तर प्रत्येकाला 142.857 मिलिसेकंद हवेत. अपूर्णांक गळला की 142 उरतात आणि सात ठोके 994 मिलिसेकंदांतच संपतात. सेकंदाला सहा मिलिसेकंदांची ही चूक दहा मिनिटांत 3.6 सेकंदांची होते. कोणताही तबलजी ती पहिल्या मिनिटातच पकडेल. पकेट यांनी पुढे लिहिलेल्या प्युअर डेटामध्ये प्रत्येक आकडा दशांशासह धरला जातो, त्यामुळे तिथे हा प्रश्न मुळातच उद्भवत नाही. सूरही तसेच. मिडीत मध्य सप्तकातील पाश्चात्त्य सी हा स्वर 60 आणि त्यापुढचा अर्धस्वर 61. षड्ज सी धरला तर तोडीतला अतिकोमल ऋषभ या दोहोंच्या मध्ये कुठेतरी पडतो आणि त्याला पूर्णांकांत जागाच नसते.

इर्कॅमने दरम्यान नेक्स्ट संगणकात इंटेलचे आय-860 प्रोसेसर बसवून नवे यंत्र केले आणि मॅक्सला पहिल्यांदा ध्वनी हाताळता येऊ लागला. ते यंत्र महाग होते आणि फार काळ टिकले नाही. पकेट 1994 मध्ये सान दिएगोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात गेले. 1996 मध्ये त्यांनी प्युअर डेटा मांडले, मूळ कोडसकट आणि मोफत. त्यातल्या ध्वनिविभागाच्या आधारावर झिकारेली यांनी मॅक्ससाठी एमएसपी हा संच तयार केला आणि 1997 मध्ये सायक्लिंग सेव्हंटी-फोर ही कंपनी काढली. ध्वनीवर काम करणाऱ्या ऑब्जेक्टच्या नावापुढे ~ हे लाटेचे चिन्ह लावण्याची पद्धत दोन्हीकडे राहिली.

ध्वनीचा एक्स्टर्नल मिडीच्या एक्स्टर्नलपेक्षा वेगळ्या शिस्तीने चालतो. प्युअर डेटा ध्वनीचे 64 नमुने एका गठ्ठ्यात घेते. सेकंदाला 44,100 नमुन्यांच्या वेगाने हा गठ्ठा सुमारे दीड मिलिसेकंदाचा होतो. एक्स्टर्नलच्या लेखकाला एक फंक्शन द्यावे लागते. प्रणाली ते दर गठ्ठ्याला एकदा बोलावते आणि त्याने आपले काम दीड मिलिसेकंदाच्या आत उरकले पाहिजे, कारण त्याच वेळात बाकीच्या सर्व चौकटींचीही पाळी असते. त्याने उशीर केला की स्पीकरमधून टकटक ऐकू येते. मागच्या नमुन्याकडे वळून पाहणारे गणित मूळ चौकटींनी करू गेल्यास 64 नमुन्यांचा उशीर होतो. अनेक फिल्टर आणि फीडबॅकच्या रचना एक्स्टर्नल म्हणूनच लिहिल्या गेल्या त्या यामुळे.

1998 मध्ये पकेट, थिओडोर एपल आणि झिकारेली यांनी दोन एक्स्टर्नल प्रसिद्ध केले, फिडल~ आणि बाँक~. भारतीय कानाला या इतिहासातला सर्वांत जवळचा टप्पा हाच वाटावा. फिडल~ येणाऱ्या ध्वनीची उंची ओळखते, बाँक~ आघात ओळखते. फिडल~ मुख्यतः स्वर केव्हा सुरू झाला आणि तो कोणता, हे सांगण्यासाठी रचलेले आहे. पियानो किंवा बासरीला ते चांगले लागू पडते. मींड घेताना मात्र स्वराला सुरुवात नसते, तो एका जागेहून दुसरीकडे सरकतो. अशा वेळी त्याच ऑब्जेक्टच्या वेगळ्या आउटलेटमधून मिळणारी अखंड उंची उपयोगी पडते. पकेट यांचे नंतरचे सिग्मंड~ हे काम आणखी मोकळेपणाने करते.

बाँक~ची रीत वेगळी आहे. ते ध्वनी अकरा फिल्टरांतून पाहते आणि त्यातली उडी मोजून आघात ठरवते. आधी शिकवणी द्यावी लागते. एकेक बोल दहा वेळा वाजवून दाखवला की त्याचा साचा तयार होतो आणि पुढच्या प्रत्येक आघातासाठी सर्वांत जवळच्या साच्याचा क्रमांक बाहेर येतो. गोव्यातील बारदेश, पेडणे, डिचोली भागांत चतुर्थीच्या आरत्यांना वाजणाऱ्या घुमटावर ही रीत तपासून पाहण्याजोगी आहे. घुमट म्हणजे दोन तोंडांचे मातीचे भांडे. मोठ्या तोंडावर चामडे ताणलेले असते. वादक उजव्या हाताने त्यावर वाजवतो आणि डाव्या हाताने मागचे लहान तोंड झाकतो-उघडतो. चामडे पूर्वी घोरपडीचे असे. वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर बकऱ्याचे आले. गोवा सरकारने 2019 मध्ये या वाद्याला वारसा वाद्याचा मान दिला. उजव्या हाताचा आघात बाँक~ नीट पकडेल. पण घुमटाचा खरा रंग आघातानंतर येतो, डावा हात सरकताना आतली हवा जो घुमारा वाकवते त्यात. बाँक~ तोपर्यंत आपले उत्तर देऊन मोकळे झालेले असते. म्हणून त्याच ध्वनीवर सिग्मंड~ शेजारी ठेवून आघात एकाकडून आणि घुमाऱ्याचा उतार दुसऱ्याकडून घ्यावा लागतो. तबल्याच्या डग्ग्यालाही हेच लागू आहे.

भारतीय संगीतासाठी संगणक वापरण्याचे प्रयत्न भारतात मॅक्सच्या जन्माबरोबरच चालू होते, पण त्यांनी दुसरी वाट धरली. बर्नार बेल आणि जिम किपन यांनी 1980च्या दशकाच्या सुरुवातीला तबल्याच्या लखनौ बाजाचे कायदे अभ्यासण्यासाठी बोल प्रोसेसर रचला. तो चौकटींचा नसून व्याकरणाच्या नियमांचा होता. त्याच दशकात मुंबईच्या एनसीपीएमध्ये बेल आणि विम फान डर मेर यांनी गायनातील स्वरांच्या हालचाली मोजणारे यंत्र वापरले. पुढे सुवर्णलता राव आणि फान डर मेर यांनी तिथेच रागगायनाचे चालते आलेख तयार केले. उंची मोजण्यासाठी त्यांनी भाषाशास्त्रज्ञांचे प्रात हे सॉफ्टवेअर घेतले. 2011 ते 2017 या काळात बार्सिलोनातून चाललेल्या कॉम्पम्युझिक प्रकल्पात मुंबईच्या आयआयटीतील प्रीती राव यांच्या गटाचा सहभाग होता. ही सर्व कामे मैफलीबाहेर सावकाश विश्लेषण करणारी होती. दीड मिलिसेकंदाची घाई त्यांना नव्हती आणि म्हणूनच त्यांतून एक्स्टर्नल निघाले नाहीत. अभ्यास म्हणून ती उत्तम आहेत. मैफलीत वादकाला त्या क्षणी प्रतिसाद देणारे साधन मात्र त्यांतून घडले नाही आणि ती उणीव मोठी आहे.

युरोप-अमेरिकेत 1990च्या दशकाच्या उत्तरार्धापासूनचा काळ एक्स्टर्नलच्या भरभराटीचा होता. मार्क डँक्स यांनी प्युअर डेटासाठी चित्रांचा जेम हा संच केला. तो पुढे ऑस्ट्रियातील ग्राझ इथल्या इओहानेस त्स्मोलनिग यांनी सांभाळला. ग्राझच्या इलेक्ट्रॉनिक संगीत संस्थेतूनच झेक्सी आणि आयईएमलिब हे संच आले. बर्कलीच्या सीएनएमएटी केंद्राने 1997 मध्ये ओपन साउंड कंट्रोल हा संदेशांचा करार मांडला आणि त्याचे एक्स्टर्नलही दिले. डॅन ट्रूमन आणि लूक ड्यूबॉइस यांनी तारा आणि नळ्या यांचे गणिती नमुने पर्कोलेट या संचात आणले. क्षिश्टोफ चाया यांनी मॅक्सचे ऑब्जेक्ट प्युअर डेटासाठी नव्याने लिहून सायक्लोन रचले. टोमास ग्रिल यांच्या फ्लेक्स्टमुळे एकच कोड दोन्ही प्रणालींत चालवता येऊ लागला.

गोव्याच्या वाट्याला 1990च्या दशकात वेगळेच इलेक्ट्रॉनिक संगीत आले. म्हापशापासून जवळच हणजुणे-वागातोरच्या किनाऱ्यांवर ट्रान्स घडत होते. उष्णतेने वाकणाऱ्या रेकॉर्डऐवजी तिथले डीजे कॅसेट आणि डॅट टेप वापरत. सिंथेसायझर आणि सिक्वेन्सरवर उभ्या असलेल्या त्या संगीताला पॅचची गरज भासली नाही. हे दोन प्रवाह पुढे एकाच सॉफ्टवेअरमध्ये भेटले. 2009 मध्ये मॅक्स फॉर लाइव्ह आले आणि नृत्यसंगीत करणाऱ्यांच्या एबलटन लाइव्हमध्ये मॅक्सचे पॅच आणि एक्स्टर्नल चालू लागले. 2017 मध्ये एबलटनने सायक्लिंग सेव्हंटी-फोर विकत घेतली.

एक्स्टर्नलचे आयुष्य मात्र नाजूक असते. कंपाइल केलेली फाइल ठरावीक प्रोसेसरसाठी आणि ठरावीक ऑपरेटिंग सिस्टिमसाठीच चालते. 1994 मध्ये ॲपलने पॉवरपीसी आणला, पुढे ओएस टेन आली, 2006 मध्ये इंटेलचे मॅक आले, 2019 मध्ये 32 बिटांचे प्रोग्राम बंद झाले, 2020 मध्ये ॲपलचे स्वतःचे प्रोसेसर आले. दर वेळी प्रत्येक एक्स्टर्नल पुन्हा कंपाइल करावा लागला. लेखकाने काम सोडले असेल आणि मूळ कोड दिला नसेल तर तो एक्स्टर्नल तिथेच संपला, आणि त्यावर उभी असलेली रचना पुन्हा वाजवता येईनाशी झाली. कोड उघडा असलेल्यांना दुसरा हात मिळू शकला. चाया थांबल्यावर सायक्लोन काही वर्षे पडून होते. 2015च्या सुमारास ब्राझीलचे आलेशांद्रे पोरेस यांनी डेरेक क्वान आणि मॅट बार्बर यांच्यासह ते पुन्हा उभे केले. पोरेस यांचा एल्स हा संच आज प्युअर डेटातील सर्वांत विस्तृत संचांपैकी आहे. संगीताच्या साधनाचा कोड उघडा ठेवणे ही उदारता नसून गरज आहे, एवढे या तीस वर्षांवरून ठामपणे म्हणता येते.

वाटपाची पद्धतही बदलत गेली. हान्स-क्रिस्टोफ श्टाइनर यांनी शेकडो एक्स्टर्नल एकत्र बांधून पीडी-एक्स्टेंडेड दिले. शिक्षक आणि विद्यार्थ्यांना ते फार सोयीचे पडले, पण एवढा पसारा एका माणसाला पेलणे अवघड होते आणि 2013 नंतर त्याची नवी आवृत्ती आली नाही. 2016 मध्ये प्युअर डेटाच्या 0.47 आवृत्तीत डेकेन हे शोधयंत्र आले. नाव टाकले की संच सापडतो, आपल्या संगणकाला जुळणारी प्रत उतरते. मॅक्सनेही पॅकेज मॅनेजर दिला.

अलीकडचे एक्स्टर्नल सुटे नसून मोठ्या कुटुंबांनी येतात. आंद्रेआ आगोस्तिनी आणि दानिएले गिझी यांच्या बाखने मॅक्समध्ये स्वरलेखन आणले, हडर्सफील्ड विद्यापीठाच्या फ्लुकोमाने ध्वनिसंग्रह चाळून वर्गवारी करण्याची साधने दिली, इर्कॅमच्या एनएन~मध्ये शिकवलेले न्यूरल नेटवर्क थेट ध्वनी घडवते. या शेवटच्या प्रकारात एक्स्टर्नल सर्वांसाठी एकच असतो, आणि आवाज ठरतो तो ज्या ध्वनिमुद्रणांवर नेटवर्क शिकले त्यांवरून. घुमट, त्याच्या जोडीचे शामेळ किंवा सारंगी यांचा आवाज हवा असेल तर आधी त्यांची स्वच्छ आणि भरपूर ध्वनिमुद्रणे हवीत. सी भाषेचे ज्ञान तिथे दुय्यम ठरते.

लहान यंत्रांवर पॅच नेण्याच्या प्रयत्नांनी दोन वाटा दाखवल्या आहेत. 2010 च्या लिबपीडीमुळे प्युअर डेटा फोनच्या ॲपमध्ये बसवता आले. तिथे एक्स्टर्नलचा मूळ कोड ॲपबरोबरच कंपाइल करता येतो. मॅक्सच्या 2022 च्या आरएनबीओने पॅचचे सी++मध्ये रूपांतर करून तो रास्पबेरी पाय, प्लगइन किंवा ब्राउझरमध्ये नेण्याची सोय केली, पण त्यात बाहेरच्या लेखकांचे एक्स्टर्नल घेता येत नाहीत. हवे ते गणित त्याच्याच कोडबॉक्स या ऑब्जेक्टमध्ये नव्याने लिहावे लागते. त्यामुळे बाँक~सारखे जुने काम या नव्या यंत्रांवर हवे असेल, तर ज्यांचा कोड उघडा आहे त्यांचेच गणित उचलून पुन्हा मांडता येते.