जुळ्यांची साक्ष

वारसा आणि संस्कार : लेखांक पाचवा

करवीरनिवासिनी अंबाबाईच्या देवळात गाभाऱ्याकडे जाताना दोन्ही अंगांना उभे असलेले जय आणि विजय हे भव्य द्वारपाल कोल्हापूरकराने लहानपणापासून इतक्या वेळा पाहिलेले असतात की, त्यांच्या कथेतील एक मार्मिक तपशील सहसा कोणाच्या ध्यानी येत नाही. सनकादिकांच्या शापाने वैकुंठातून ढळल्यावर या दोघांनी पहिला जन्म घेतला तो दितीच्या उदरी, आणि घेतला तो जुळे म्हणून; हिरण्याक्ष आणि हिरण्यकशिपू ते हेच. या दोघांत थोरला कोण, हा प्रश्न भागवतकारांना इतका महत्त्वाचा वाटला की तिसऱ्या स्कंधात त्यांनी त्याचा मुद्दाम उलगडा केला आहे. दितीने आधी प्रसविला तो हिरण्याक्ष, परंतु कश्यपाच्या देहातून आधी निघाला तो हिरण्यकशिपू. सबब मागाहून जन्मलेला हिरण्यकशिपू थोरला आणि आधी जन्मलेला हिरण्याक्ष त्याचा अनुज. मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात मात्र याच्या नेमका उलट निवाडा आहे : जुळ्यांमध्ये ज्येष्ठत्व ठरते ते जन्माच्या क्रमाने.

हा मतभेद पोथीतच राहिला असता तर त्याची वास्तपुस्त करण्याचे कारण नव्हते. परंतु मागून जन्मला तो आधी गर्भी आला, म्हणून तोच थोरला, असे सांगणाऱ्या वृद्ध स्त्रिया आपल्याकडील खेड्यांत अजूनही भेटतात. ज्या मुलखात पाटीलकीच्या वतनाबरोबर मानपानाचे हक्कही थोरल्या पातीकडे चालत येत, बेंदराला वेशीतून पहिला बैल कोणाचा आणि होळीला पहिली पोळी कोणाची यावरून भाऊबंदकी पेटून फिर्यादी थेट दरबारापर्यंत जात, त्या मुलखात दोन जावळ्या मुलग्यांतील थोरला कोण, हा केवळ कौतुकाचा विषय राहू शकत नव्हता. ज्योतिषापुढेही जुळ्यांनी हाच पेच टाकला. एकाच घटकेला, एकाच लग्नावर जन्मलेल्या दोघांचे आयुष्य निरनिराळ्या वाटांनी जाते, हे दाखवून पाचव्या शतकात संत ऑगस्टीन याने आपल्या ‘ईश्वराचे नगर’ या ग्रंथात फलज्योतिषाचे खंडन केले, तर आपल्याकडील ज्योतिष्यांनी लग्नाचे अधिकाधिक सूक्ष्म अंश काढून त्या आक्षेपाला तोंड देण्याची खटपट केली. धर्मशास्त्र असो, ज्योतिष असो की अर्वाचीन विज्ञान असो, प्रत्येकाने आपापल्या दाव्यात जुळ्यांना साक्षीला उभे केले आहे. आणि त्या साक्षीची उलटतपासणी मात्र फार थोड्यांनी केली आहे. गेल्या आठवड्यात आपण मेंडेलच्या वाटाण्यांपाशी थांबलो होतो. मनुष्याच्या बाबतीत तसे प्रयोग करता येत नाहीत, म्हणून निसर्गाने स्वतःच मांडलेल्या या प्रयोगाकडे आज वळावयाचे आहे.

आयुर्वेदाने या प्रश्नाकडे पुष्कळ आधी आणि पुष्कळ बारकाईने पाहिले होते. गर्भाशयात बीज वायूने विभागले गेले म्हणजे दोन जीव उत्पन्न होतात, असे सुश्रुत सांगतो. मात्र त्याच श्वासात अशा जन्मामागे अधर्म असतो असेही म्हणतो, आणि शांतिग्रंथांत यमलजननशांतीचा विधी का आला याचा उलगडा त्या एका शब्दावरून होतो. चरक अधिक खोल जातो. विभागलेल्या बीजाचे अंश सारखे नसतील तर एक मुलगा व एक मुलगी कशी होतात, आणि उदरात एक गर्भ पुष्ट व दुसरा कृश का राहतो, याचीही उपपत्ती त्याने शारीरस्थानात मांडली आहे. एकाच बीजाचे दोन भाग होतात ही कल्पना सूक्ष्मदर्शक यंत्र नसलेल्या काळात सुचावी, ही मला आपल्या वैद्यकाची मोठी बौद्धिक कमाई वाटते. तथापि तीत एक उणीव राहिली : मुलगा-मुलगी अशा जोडीलाही चरकाने त्याच उपपत्तीत बसविले, आणि दोन वेगळी बीजे एकाच वेळी फळू शकतात ही गोष्ट त्याच्या दृष्टीआड राहिली.

वस्तुस्थिती अशी की जुळे दोन प्रकारचे असतात. एका महिन्यात दोन स्त्रीबीजे पक्व होऊन दोन वेगवेगळ्या शुक्रजंतूंशी त्यांचा संयोग झाला म्हणजे जी भावंडे होतात, ती द्विबीज. त्यांच्यातील रक्ताचे साम्य चार वर्षांच्या अंतराने झालेल्या सख्ख्या भावंडांइतकेच, फक्त गर्भवासाचा काळ एक. एकच फलित बीज पुढे दुभंगले म्हणजे होतात ती एकबीज जुळी, आणि तीच चेहऱ्यामोहऱ्याने एकमेकांची प्रतिकृती असतात. द्विबीज जुळ्यांचे प्रमाण वंशपरत्वे, मातेच्या वयापरत्वे आणि आता वंध्यत्वावरील उपचारांमुळेही बदलते. नायजेरियातील योरुबा लोकांत ते जगात सर्वाधिक मानले जाते, आणि त्यांच्याकडे जुळ्यांपैकी एकाचा मृत्यू झाल्यास त्याची लाकडी प्रतिमा घडवून तिला न्हाऊमाखू घालण्याची चाल आहे. हिंदुस्थानात हे प्रमाण एकंदरीत कमी. केरळातील मलप्पुरम जिल्ह्यातील कोडिन्ही हे गाव तेवढे शेकडो जोड्यांमुळे अपवाद ठरले आहे, आणि तेथील रहस्य शास्त्रज्ञांना अद्याप उकललेले नाही. उलट एकबीज जुळ्यांचे प्रमाण सर्व देशांत जवळजवळ सारखे, हजार प्रसूतींमागे साडेतीन ते चार असे असते.

बीज केव्हा दुभंगले, यावर पुढचे सारे अवलंबून असते. पहिल्या तीन दिवसांत दुभंगले तर दोन्ही गर्भांची वार निराळी होते. त्यानंतर आठव्या दिवसापर्यंत दुभंगले तर वार एक आणि पाण्याच्या पिशव्या दोन. त्याहून उशिरा दुभंगले तर पिशवीही एकच. आणि तेराव्या दिवसानंतर दुभंगू लागले तर विभाजन पुरे होतच नाही आणि देहाने जोडलेली बालके जन्माला येतात. सयाममध्ये १८११ साली जन्मलेले चांग आणि एंग हे बंधू अशांपैकीच होते. त्यांनी अमेरिकेत दोन सख्ख्या बहिणींशी विवाह केला, शेती केली आणि १८७४ साली काही तासांच्या अंतराने देह ठेवला. जगाने मात्र त्यांना तंबूत तिकीट लावून पाहिले. एका वारेवर वाढणाऱ्या जोड्यांत शंभरात दहा ते पंधरा ठिकाणी वारेतील रक्तवाहिन्यांच्या जोडण्यांमुळे एका गर्भाचे रक्त दुसऱ्याकडे वाहू लागते; एक सुकत जातो, दुसऱ्याच्या हृदयावर अतिरिक्त रक्ताचा भार पडतो, आणि वेळीच ध्यानी आले नाही तर दोघेही दगावतात. चरकाने पाहिलेला पुष्ट आणि कृश गर्भांचा भेद पुष्कळदा हाच असावा. एकबीज जुळी म्हणजे तंतोतंत एकच माणूस दोनदा, हा समजही येथेच ढासळतो. गर्भातील दाब आणि जागा भिन्न असल्याने दोघांच्या बोटांचे ठसे निराळे उमटतात. आणि २०२१ साली आइसलंडमधील संशोधकांनी दाखविले की अशा दोघांच्या जनुकसंहितेतही गर्भावस्थेच्या आरंभीच सरासरी पाच फरक पडलेले असतात.

आता विज्ञानाच्या दाव्याकडे. १८७५ साली फ्रान्सिस गाल्टन या इंग्रज विद्वानाने जुळ्यांच्या आप्तेष्टांना प्रश्नावल्या धाडून त्यांची चरित्रे जमविली आणि निकाल दिला की संगोपनापेक्षा निसर्गाचा, म्हणजे रक्ताचा, प्रभाव फार मोठा आहे. आठ वर्षांनी त्याने सुप्रजननशास्त्र या नावाची नवी विद्या पुकारली. तिच्या अनुयायांनी माणसांची प्रतवारी लावण्यास सुरुवात केली, जर्मनीत १९३३ साली सक्तीच्या निर्बीजीकरणाचा कायदा झाला, आणि त्या वाटेच्या शेवटी आउश्वित्सच्या छळछावणीत मेंगेले हा डॉक्टर रेल्वेतून उतरणाऱ्या बंद्यांतून जुळी मुले निवडून बाजूला काढीत उभा होता. इंग्लंडात सिरिल बर्ट या नामवंत मानसशास्त्रज्ञाने परस्परांपासून दूर वाढलेल्या एकबीज जुळ्यांचे बुद्धिमापन करून बुद्धी ही बहुतांशी आनुवंशिक असल्याचे प्रतिपादिले. त्याच्या लेखनात जोड्यांची संख्या १९५५ मध्ये २१ होती, १९६६ मध्ये ५३ झाली, आणि तरीही साम्याचा गुणांक ०.७७१ या आकड्यावरून तिसऱ्या दशांश स्थळापर्यंत तसूभर हलला नाही. लिओन कामिन याने १९७४ साली या अशक्यप्राय स्थैर्यावर बोट ठेवले आणि बर्टच्या कागदपत्रांची विश्वासार्हता संपली. दस्तऐवज बनावट असला म्हणजे दावा आपोआप खोटा ठरत नाही, हे खरे. पुढे मिनेसोटा विद्यापीठात थॉमस बुशार्ड याने १९७९ पासून दूर वाढलेल्या जोड्यांचा प्रामाणिकपणे अभ्यास केला तेव्हाही आनुवंशिकतेचा वाटा लक्षणीयच आढळला, आणि पन्नास वर्षांतील जुळ्यांवरील सर्व संशोधनाचे २०१५ साली एकत्र परिशीलन झाले तेव्हा सर्व गुणधर्मांची सरासरी धरता तो वाटा ४९ टक्के भरला.

परंतु हा आकडा कशाचा वाटा सांगतो? हा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, आणि आपल्या शेतकऱ्याला तो पंडितापेक्षा लवकर उमगेल. उसाचे बेणे म्हणजे कांडीच लावावयाची असल्याने एका वाणाचा प्रत्येक ऊस हा दुसऱ्याचा एकबीज भाऊ असतो. तेच बेणे पंचगंगेकाठच्या कसदार रानात आणि खडकाळ माळावर लावले तर उताऱ्यातला सारा फरक जमिनीचा असतो, आणि एकाच सपाट रानात दोन वाण लावले तर तोच फरक सारा बेण्याचा ठरतो. टक्केवारी बेण्याची नसते. ती त्या वर्षी, त्या रानात पडलेल्या फरकाची असते. माणसांबाबत याचा पुरावा जुळ्यांनीच दिला. एरिक टर्कहायमर आणि त्याच्या सहकाऱ्यांनी २००३ साली अमेरिकेतील सात वर्षांच्या जुळ्या मुलांची बुद्धिमापने तपासली, तेव्हा संपन्न घरांत मुलामुलांतील फरक बहुतांशी जनुकांचा निघाला, तर दारिद्र्यात वाढणाऱ्या घरांत जनुकांचा वाटा शून्याच्या आसपास आला आणि सुमारे ६० टक्के फरक घरच्या परिस्थितीचा ठरला. पुढे पश्चिम युरोप आणि ऑस्ट्रेलियात हे अंतर तसे आढळले नाही; तेथे शाळा आणि दवाखाना गरिबाच्याही दारापर्यंत पोहोचलेला आहे, हे त्याचे कारण असावे असे अभ्यासकांना वाटते.

या निष्कर्षाचे महत्त्व कोल्हापुरात बसून लिहिणाऱ्याला अधिकच जाणवते. गाल्टन हयात असताना, बुद्धी आणि कर्तबगारी कुळातून येते हे युरोपातील विद्वान आकड्यांनी आणि येथील शास्त्री वचनांनी सांगत असताना, शाहू छत्रपतींनी १९०१ पासून या शहरात निरनिराळ्या जातींच्या मुलांसाठी वसतिगृहे उघडली, २६ जुलै १९०२ च्या हुकुमाने संस्थानातील नोकऱ्यांत मागासलेल्या वर्गांसाठी शेकडा ५० जागा राखून ठेवल्या, आणि पुढे १९१७ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले. त्यांच्यापुढे जुळ्यांची कोणतीही गणिते नव्हती. रयतेच्या मुलाला जोपर्यंत पाटी, पोट आणि छप्पर मिळालेले नाही, तोपर्यंत त्याच्या रक्ताविषयी निवाडा देण्याचा अधिकार कोणालाच नाही, एवढे त्यांनी ओळखले होते. शंभर वर्षांनी जुळ्यांची साक्ष नीट नोंदविली गेली तेव्हा ती शाहू महाराजांच्या बाजूने पडली, असे मी पूर्ण जबाबदारीने म्हणतो.

जाता जाता एक व्यवहाराची गोष्ट सांगणे मला अगत्याचे वाटते. गर्भातील जुळ्यांची वार एक की दोन, हे अकराव्या ते चौदाव्या आठवड्यातील सोनोग्राफीत सर्वांत स्पष्ट दिसते. पुढे ते ओळखणे कठीण होत जाते. वार एक असेल तर सोळाव्या आठवड्यापासून दर पंधरवड्याला तपासणी करावी लागते, आणि रक्ताचा ओघ एकीकडे वळल्याचे आढळल्यास दुर्बिणीतून लेझर किरणांनी त्या रक्तवाहिन्या बंद करण्याचा उपाय आता मोठ्या शहरांत उपलब्ध आहे. गगनबावडा, शाहूवाडी, राधानगरीकडील वाड्यावस्त्यांतून गरोदर बाईचे नाव दवाखान्यात उशिरा नोंदविले जाते, आणि हा अवधी निसटतो. ज्या जिल्ह्यात २००१ च्या जनगणनेला सहा वर्षांखालील हजार मुलग्यांमागे अवघ्या ८३९ मुली उरल्या होत्या, तेथे सोनोग्राफीच्या यंत्रापुढे भलताच प्रश्न फार वर्षे विचारला गेला; तो विचारणे कायद्याने गुन्हा आहे आणि माणुसकीनेही. आपल्या घरी, शेजारी, नात्यात कोणाला जुळे असल्याचे कळले तर वाचकांनी तिला तिसरा महिना संपण्याच्या आत तपासणीला न्यावे, वार एक आहे की दोन एवढेच डॉक्टरांना विचारावे, आणि त्याचे उत्तर अहवालावर लिहून घेतल्याखेरीज तेथून निघू नये.