प्रकाशवर्षे कोणी मोजली?

‘सूर्यानंतरचा सर्वांत जवळचा तारा ४.२ प्रकाशवर्षे दूर आहे,’ असे आपण वर्गात सांगतो. एखादा चौकस विद्यार्थी विचारतो, “प्रकाश तिथून निघाला तेव्हा घड्याळ कोणी लावले होते?” प्रश्न रास्त आहे. ‘प्रकाशवर्ष हे अंतराचे एकक आहे’ एवढ्या उत्तराने त्याचे समाधान होत नाही.

काळावरून अंतर काढण्याची युक्ती जुनी आहे. वाशीम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म. सातव्या शतकातील पहिल्या भास्कराचार्यांनी ‘महाभास्करीय’ ग्रंथात मध्यरेषेवरील स्थाने सांगताना अवंतीबरोबर (उज्जैन) या नगराचेही नाव घेतले आहे. या रेषेपासून आपले गाव पूर्वेस वा पश्चिमेस किती दूर, हे चंद्रग्रहणावरून काढता येई. ग्रहणाचा स्पर्श सर्वांना जवळजवळ एकाच क्षणी दिसतो, पण प्रत्येक गावाची स्थानिक वेळ वेगळी असते. पृथ्वी ४ मिनिटांत १ अंश फिरते; म्हणून वेळेतील फरक म्हणजेच रेखांशातील फरक. आजच्या मापनानुसार वाशीम उज्जैनच्या पूर्वेस १ अंश २२ कलांवर आहे, म्हणजे फरक अवघ्या साडेपाच मिनिटांचा!

तेथे पृथ्वीच्या फिरण्याची गती ठाऊक होती. आकाशातील अंतरांसाठी प्रकाशाची गती कामी येते. ती सेकंदास सुमारे ३ लाख कि.मी. आहे.

१९६९ साली अपोलो-११ च्या अंतराळवीरांनी चंद्रावर परावर्तक ठेवला. पृथ्वीवरून सोडलेला लेसर किरण त्यावरून सुमारे २.५६ सेकंदांत परत येतो. जाण्याची वेळ त्याच्या निम्मी, म्हणजे १.२८ सेकंद. तिला ३ लाखांनी गुणा : ३,८४,००० कि.मी. सेकंदाच्या अब्जाव्या भागात प्रकाश ३० सें.मी., म्हणजे शाळेतील पट्टीएवढाच जातो. घड्याळ इतके सूक्ष्म असल्यामुळेच चंद्र वर्षाला ३.८ सें.मी. दूर जात असल्याचे कळले.

१९६१ साली शुक्राकडे रडारलहरी पाठवल्या. त्याही प्रकाशाच्याच गतीने जातात. शुक्र अगदी जवळ असताना प्रतिध्वनी सुमारे साडेचार मिनिटांत येतो. ग्रहांच्या अंतरांची गुणोत्तरे केप्लरच्या नियमांमुळे माहीत होतीच. नकाशा तयार होता, प्रमाण तेवढे नेमके हवे होते. एक अंतर कि.मी.मध्ये अचूक मिळताच पृथ्वी-सूर्य अंतरही तसेच अचूक निघाले : सुमारे १४ कोटी ९६ लाख कि.मी.

ताऱ्यांपाशी मात्र ही युक्ती थांबते. जवळच्या ताऱ्यावरूनही प्रतिध्वनी यायला साडेआठ वर्षे लागतील, आणि तो इतका क्षीण असेल की ओळखूच येणार नाही. तेथे भूमिती उपयोगी पडते. हात लांब करून अंगठा एकेका डोळ्याने पाहा. मागच्या भिंतीवर तो सरकलेला दिसतो. तसेच सहा महिन्यांच्या अंतराने पृथ्वी कक्षेच्या दोन टोकांना असताना जवळचा तारा किंचित सरकलेला दिसतो. हा पराशय. बेसेल यांनी १८३८ साली हंस समूहातील एका ताऱ्याचे अंतर असे काढले. सर्वांत जवळच्या ताऱ्याचा पराशय अंशाच्या सुमारे ४,७०० व्या भागाएवढाच आहे.

म्हणजे ताऱ्यापासून निघालेल्या प्रकाशाची वेळ कोणीही मोजलेली नाही. त्रिकोणाचा पाया पृथ्वी-सूर्य अंतर. तो प्रकाशाच्या गतीने मोजला. कोन दुर्बिणीने मोजला. आलेल्या अंतरास प्रकाशाच्या गतीने भागून प्रकाशवर्षे मिळाली.

हिवाळ्याच्या रात्री विद्यार्थ्यांना व्याध दाखवा. तो ८.६ प्रकाशवर्षे दूर आहे. नववीतल्या मुलाने पहिलीत नाव घातले, त्या सुमारास निघालेला प्रकाश तो आज पाहतो आहे. मग विचारा, “हे कशावरून?” आणि अंगठा पुढे धरायला सांगा.