साडेचार हजारांपर्यंत तिघं

लातूरच्या एका हाडांच्या डॉक्टरांच्या टेबलावर, काचेखाली, हाताने लिहिलेला एक तक्ता आहे. डावीकडे तापमान, २४ अंशांपासून ४३ पर्यंत. उजवीकडे फूट. ३१ अंशांच्या ओळीखाली लाल पेनाने ठसठशीत रेघ. आईच्या मनगटाचं प्लास्टर वाळेपर्यंत मी तो तक्ता वाचत बसलो होतो. हाडांचं आणि फुटांचं काय नातं, ते लक्षात येईना. विचारलं तर डॉक्टर म्हणाले, “ती लातूरची धावपट्टी आहे. ऊन चढलं की वर सरकते.”

मग त्यांनी समजावून सांगितलं. चिंचोलीराववाडीजवळची लातूरची धावपट्टी समुद्रसपाटीपासून साधारण दोन हजार फूट उंचीवर आहे. पण विमानाला समुद्रसपाटी कळत नाही, त्याला फक्त हवा कळते. हवा तापली की विरळ होते. इंजिनाला ती कमी मिळते, पंख्याला कमी चावता येते, पंखांना कमी टेकायला मिळते. सकाळी २४ अंशांना हीच धावपट्टी विमानाच्या लेखी साडेतीन हजारांच्या जरा वर असते. ३१ अंशांना साडेचार हजारांवर, म्हणजे महाबळेश्वरला. मे महिन्यात भर दुपारी चाळिशी गाठली की साडेपाच हजार, कळसूबाईच्या माथ्यावर. “माझा नियम साधा आहे,” डॉक्टर म्हणाले. “साडेचार हजारांपर्यंत तिघं. त्याच्या वर मी एकटा.” आणि लगेच, तपासणीच्याच आवाजात, “तुमचं वजन किती? खरं सांगा.”

मी सांगितलं. त्यांनी तरीही काट्यावर उभं केलं.

डॉक्टरांकडे खासगी वैमानिकाचा परवाना आहे. तो मिळवायला वय १७ पूर्ण लागतं, दहावी पास लागते, वैद्यकीय तपासणी लागते, हवामान, दिशाशोधन, नियम असे पेपर द्यावे लागतात आणि किमान ४० तास विमान चालवावं लागतं. पगारी वैमानिकाच्या परवान्याला हेच तास २०० होतात. खासगी परवान्यावर दुसऱ्यांना बसवता येतं, पण वैमानिक म्हणून कुणाकडून मोबदला घेता येत नाही. नफा नावाची गोष्ट कायद्यानेच काढून टाकलेला हा उद्योग आहे. विमान त्यांचं नाही, पश्चिम महाराष्ट्रातून भाड्याने घेतात. एका तासाच्या भाड्यात लातूरहून मुंबईला वातानुकूलित डब्यातून पाच-सहा फेऱ्या होतील, हा हिशेब त्यांनी स्वतःच सांगितला, आणि वर “हे घरी बोलू नका” अशी पुस्तीही जोडली.

श्रीमंताची हौस, हे माझं मत ठरून गेलं होतं. ते अजूनही पूर्ण गेलेलं नाही. या देशातला वैमानिकाचा पहिला परवाना १० फेब्रुवारी १९२९ रोजी जे. आर. डी. टाटांना मिळाला, सुरुवातच मुळात टाटांच्या घरातून. पण पाटणकडचे अमोल यादवही याच हौसेतले. त्यांनी कांदिवलीत इमारतीच्या गच्चीवर विमान बांधायला घेतलं, २०१६ मध्ये ते मुंबईच्या ‘मेक इन इंडिया’ प्रदर्शनात मांडलं, आणि उडवायची परवानगी हातात पडायला २०१९ साल उजाडलं. तेव्हा पैसा लागतोच. पण त्याहून जास्त लागतो दम. तो किती, हे मला एप्रिलमधल्या एका रविवारी धावपट्टीवर कळलं.

विमान सकाळी सव्वाआठला बारामतीकडून आलं. सेस्ना १७२, चार खुर्च्या, एक इंजिन, पंख डोक्यावर. लांबून आवाज शेतातल्या फवारणी पंपासारखा. डॉक्टर उतरले, घड्याळाकडे न बघता आधी खिशातल्या तापमापकाकडे बघितलं. २७. त्यांच्या मागून एक पंचविशीतला मेकॅनिक उतरला, अहमदपूरकडचा. विमान भाड्याने देणाऱ्यांनी त्याला सोबत पाठवलं होतं, आणि गाव वाटेतच असल्याने त्याने दोन दिवसांची रजाही जोडून घेतली होती.

आता नांदेडला निघायचं, एवढंच. पण एवढंच नसतं. छोटं विमान असो की मोठं, उड्डाणाचा आराखडा कळवावा लागतो, हवाई संरक्षणाच्या परवानगीचा क्रमांक घ्यावा लागतो, जिथे उतरायचं तिथली वेळ ठरवून घ्यावी लागते. डॉक्टर फोनवर होते. कुणीतरी थांबा म्हणत होतं. ते थांबत होते. मी डब्यातून सुशीला नेला होता. डॉक्टरांनी नको म्हटलं, मेकॅनिकने दोनदा घेतला.

खाऊन, हात पुसून तो पंखाखाली गेला. त्याच्या हातात पारदर्शक प्लास्टिकची छोटी नळी होती, तळाशी बंद. पंखाच्या पोटाला एक बारीक बोंडी असते, ती नळीने वर दाबली की टाकीच्या अगदी तळातलं इंधन नळीत उतरतं. त्याने नळी सूर्याकडे धरली. फिकट निळं, शाईची दौत धुतल्यावर शेवटचं पाणी येतं तसं. विमानाच्या पेट्रोलला मुद्दाम निळा रंग घालतात, म्हणजे दुसरं काही मिसळलं असेल तर डोळ्यांना कळावं. त्याने नळी नाकाखाली नेली, मग माझ्या. उग्र, जिभेवर येणारा वास. गाड्यांच्या पेट्रोलमधून आपल्याकडे २००० साली शिसं गेलं, यात अजून आहे. “हाताला राहतो,” मेकॅनिक म्हणाला. “साबणानं बी जात नाय. भाकरी चुरताना येतोच.”

“काय बघतोस त्यात?”

“पाणी.”

अर्धवट रिकाम्या टाकीत रात्री दव धरतं, झाकण सैल असेल तर पावसाचं उतरतं. पाणी पेट्रोलपेक्षा जड, म्हणून तळाला बसतं, आणि इंजिनाकडे जाणारी वाट तळाशीच असते. नळीत ते खाली गोळीसारखं वेगळं दिसतं. ज्या गावाने एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणून प्यायलं, त्या गावात एक माणूस टाकीच्या तळाशी पाण्याचा थेंब नाही ना हे बघत होता, आणि नाही म्हणून खूश होत होता. मी हे त्याला बोलून दाखवलं. तो हसला नाही. दुसऱ्या पंखाखाली गेला, मग विमानाच्या नाकाखाली. तिन्ही ठिकाणी निळं.

“तुला कधी चालवायला शिकावंसं वाटलं नाही?”

“नाय बा. आमचं काम खालचं. वर गेल्यावर काय बी खोलता येत नाय.”

तापमापक २९. फोन अजून यायचा होता. डॉक्टरांनी तोवर कागदावर वजनं मांडली: रिकामं विमान, आम्ही तिघं, उरलेलं इंधन, माझी पिशवी. इंधन बारामतीलाच भरून आणलं होतं. वाटेत मिळेल या भरवशावर छोटं विमान कुणी काढत नाही. तासाला तीस-पस्तीस लिटर जातं. पिशवीतली दोन जाड पुस्तकं डॉक्टरांनी काढून त्यांना भेटायला आलेल्या कंपाउंडरच्या हातात दिली.

“दोन पुस्तकांनी काय होणार?”

“काही होणार नाही. पण आज पुस्तकं चालली, तर पुढच्या वेळी सासूबाईंची बॅग चालेल.”

मला हे जरा नाटकी वाटलं होतं. समोर २,३०० मीटरची धावपट्टी पसरलेली. हे विमान तिच्या चौथ्या हिश्श्यात उचललं जातं. तसं म्हटल्यावर डॉक्टर म्हणाले, प्रश्न पळायचा नाहीच, चढायचा आहे. गरम हवेत विमान जमीन सोडतं आणि मग वर जायला कुरकुरतं. खाली धावपट्टी संपलेली असते आणि समोर विजेच्या तारा असतात. वर तापलेल्या काळ्या मातीवरून उठणारी हवा दुपारी असे धक्के देते की हौस उतरते. नियम धावपट्टीसाठी नाही, माझ्यासाठी आहे, असं ते म्हणाले. साडेचार हजारांना एकदा पावणेपाच म्हटलं की पुढे आकडा उरत नाही.

फोन आला तेव्हा तापमापक ३० दाखवत होता. एक अंश हातात. डॉक्टरांनी घाई केली नाही, यादी सुरुवातीपासूनच वाचली. इंजिन सुरू झालं, दोन्ही ठिणगी-यंत्रणा आळीपाळीने बंद करून बघितल्या, आणि आम्ही पळालो. पंचावन्न नॉटला नाक वर आलं. जमीन सुटल्याचं मला कळलं ते फक्त खडखड थांबल्यामुळे.

उजव्या हाताला लातूर शहर धुरकट होत मागे गेलं. साडेपाच हजार फुटांवर, म्हणजे शेतांपासून साडेतीन हजारांवर, डॉक्टर स्थिर झाले. पुढची चाळीसेक मिनिटं ते शेतं बघत होते. सौंदर्य वगैरे म्हणून नव्हे. “तो हरभरा निघालेला दिसतोय, चालेल. तो नांगरलाय, नको, चाक रुतेल. तो ऊस, अजिबात नको. त्या रस्त्याला दोन्ही बाजूंनी तारा आहेत.” इंजिन बंद पडलं तर इथून आठ-नऊ किलोमीटर तरंगत जाता येतं, आणि त्या वर्तुळात उतरायला एक वावर कायम ठरलेलं असावं लागतं. वर्तुळ पुढे सरकतं तसं वावरही बदलत जातं. कुणाच्या सात-बाऱ्यावर आपण दर दोन मिनिटांनी मनातल्या मनात उतरतोय, हे खालच्या मालकाला माहीतही नसतं.

मला मात्र शेततळी दिसत होती. प्लास्टिक अंथरलेले चौकोन, काहींत तळाला पाणी, बरेच कोरडे, उन्हात काळ्या आरशासारखे चमकणारे. रस्त्याने जाताना ती बांधाआड लपतात. वरून त्यांची मोजदाद करावीशी वाटते आणि थोड्या वेळाने नकोशी वाटते.

अहमदपूर आलं. मी मागे वळून मेकॅनिकला खिडकीकडे खुणावलं, त्याचं गाव तिथंच कुठेतरी. तो झोपला होता. तोंड उघडं, कानावर हेडफोन, नळी खिशात. लोह्यापर्यंत झोपला. उजवीकडे लांब कंधारचा भुईकोट किल्ला असतो, त्या दिवशी धुरळ्यात नुसता अंदाज आला. मग गोदावरी, विष्णुपुरीचा पाणीसाठा, आणि इतक्या करपट रंगानंतर एकदम निळं. डॉक्टरांनी रेडिओवर वारा विचारून घेतला, झडपा खाली केल्या, आणि एका उसळीत आम्ही नांदेडला टेकलो.

ही धावपट्टी २००८ च्या गुरू-ता-गद्दी सोहळ्याच्या वेळी नव्याने सजली. एप्रिल २०१७ मध्ये उडान योजनेचं नांदेड–हैदराबाद विमान अगदी पहिल्या तुकडीत सुटलं. २००९ साली राज्याने नांदेड, लातूर, बारामती, यवतमाळ आणि उस्मानाबाद अशा पाच धावपट्ट्या एका खासगी कंपनीला भाडेपट्ट्याने दिल्या होत्या. मराठवाड्यात धावपट्टी कधी भाविकांसाठी होते, कधी नेत्यांसाठी, कधी कारखानदारीच्या आशेने. चार खुर्च्यांचं विमान घेऊन रविवारी येणारा माणूस त्यात कुणी धरलेला नसतो. त्याला कुणी अडवत नाही. फक्त प्रत्येक दारात तो कोण, हे पहिल्यापासून सांगावं लागतं. माझ्या मते इथल्या दोन-तीन कॉलेजांच्या पोरांना महिन्यातून एकदा जरी ते इंधन तपासणं, ते वजनांचं कोष्टक जवळून बघायला मिळालं, तर या डांबराचा उपयोग आजच्यापेक्षा जास्त होईल.

दुपारी चारला डॉक्टरांनी तापमापक सावलीत धरला. ४१. नांदेड लातूरपेक्षा सात-आठशे फूट खाली, तरी कागदावर आकडा आला पावणेपाच हजारांच्या आसपास. त्यांनी तो मला दाखवला. मी काही बोललो नाही. मेकॅनिकने न सांगताच आपली पिशवी मागच्या खुर्चीवरून काढली, मग नळी घेऊन पंखाखाली गेला. निळं. दुसरीकडे निळं. नाकाखाली निळं. डॉक्टरांना अंधार पडायच्या आत बारामतीला टेकायचं होतं. साडेचारला ते एकटेच उडाले. खरोखर झटक्यात वर गेलं विमान, तिघांना न्यायला निघालं होतं ते हेच का, असं वाटावं इतकं.

आम्ही दोघं रिक्षाने बसस्थानकावर गेलो आणि लातूरच्या एसटीत बसलो. लोह्याच्या अलीकडे गाडी गच्च भरली. आमच्या सीटवर तिसरा माणूस सरकून बसला, त्याच्या मांडीवर पोतं. मेकॅनिक टक्क जागा होता. विमानात तर घोरत होतास, म्हटलं.

“तिथं टाकी मी बघितली हुती की,” तो म्हणाला. “हिची कुणी बघितली काय म्हाईत.”

अहमदपूरच्या स्टँडवर तो उतरला. बस पंधरा मिनिटं तिथंच उभी होती. ड्रायव्हर चहाला गेला होता.