विमानातून लेझर सोडला अन् सापडलं कुतुबमिनारपेक्षा उंच झाड!

मोबाईलवर सॅटेलाइट नकाशा उघडून आपण आपलं घर, विहीर, शेताचा बांध शोधतो. पण त्याच नकाशावर दाट जंगल पाहिलं तर नुसता हिरवा रंग दिसतो. कुठलं झाड किती उंच, ते काही कळत नाही. मग ब्राझीलच्या अ‍ॅमेझॉन जंगलात ८८.५ मीटर उंचीचं झाड सापडलं कसं? आपला कुतुबमिनार सुमारे ७३ मीटरचा. म्हणजे हे झाड त्याच्याही वर १५ मीटर!

हे जमलं लायडार तंत्रामुळे. यात विमानातून जमिनीकडे सेकंदाला हजारो लेझर किरण सोडतात. काही किरण शेंड्याला लागून परत फिरतात, काही पानांच्या फटींतून थेट जमिनीपर्यंत जाऊन येतात. परत यायला किती वेळ लागला, त्यावरून अंतर निघतं. जमिनीच्या अंतरातून शेंड्याचं अंतर वजा केलं, की झाली झाडाची उंची!

गंमत म्हणजे उंच झाड शोधायला कुणी निघालंच नव्हतं. जंगलात कार्बन किती साठलाय, हे काढण्यासाठी ब्राझीलच्या अंतराळ संशोधन संस्थेने २०१६ ते २०१८ दरम्यान अ‍ॅमेझॉनमधले ८०० हून जास्त पट्टे विमानातून मोजले. एकेक पट्टा १२ किलोमीटर लांब, ३०० मीटर रुंद. त्यात जारी नदीच्या खोऱ्यात काही झाडं चक्क ८० मीटरच्या वर निघाली.

आकडा मिळाला, पण झाडापर्यंत पोचणं सोपं नव्हतं. २०१९ मध्ये गेलेलं पथक तिथवर पोचू शकलं नाही. अखेर सप्टेंबर २०२२ मध्ये शास्त्रज्ञ बोटीने आणि पुढे जंगलातून पायी चालत बुंध्याशी पोचले. बुंध्याचा घेरच जवळपास १० मीटर! झाडाची जात अँजेलिम. हिच्या लाकडाला बाजारात मागणी आहे, त्यामुळे तोडीची भीती. शिवाय त्या भागात चोरून सोन्याच्या खाणी चालतात.

म्हणूनच हा शोध कामी आला. २०२४ मध्ये पारा राज्य सरकारने या महाकाय झाडांसाठी सुमारे ५ लाख ६० हजार हेक्टरचं संरक्षित उद्यान जाहीर केलं.

त्या पट्ट्यांच्या मधलं जंगल मात्र त्या मोजणीत आलंच नाही. याहून उंच झाड तिथे उभं असेलही. ते सापडायच्या आधी तोडलं गेलं नाही, म्हणजे मिळवलं.