फायरवॉलच्या आतल्या सर्व्हरला अपडेट कसं मिळतं? समजून घ्या ‘टनल’चं गणित

12 मे 2017. ब्रिटनच्या सरकारी हॉस्पिटल्समधले कॉम्प्युटर एकामागोमाग एक लॉक व्हायला लागले. फाईल्स परत हव्या असतील तर बिटकॉइनमध्ये पैसे भरा, असा मेसेज स्क्रीनवर होता. अपॉइंटमेंट्स रद्द झाल्या, काही अ‍ॅम्ब्युलन्स दुसरीकडे वळवाव्या लागल्या. हा होता ‘वॉनाक्राय’चा हल्ला.

वाईट याचं वाटतं की, विंडोजमधल्या ज्या त्रुटीतून तो पसरला, ती बुजवणारं अपडेट मायक्रोसॉफ्टने 14 मार्चलाच दिलं होतं. अनेक मशीन्सवर ते टाकलंच गेलं नव्हतं.

अपडेट राहून जाण्याची कारणं अनेक असतात. त्यातलं एक कारण सहसा लक्षात येत नाही, ते म्हणजे फायरवॉल.

संरक्षणच आडवं येतं तेव्हा...

फायरवॉल म्हणजे नेटवर्कच्या गेटवरचा वॉचमन. आत कोण येणार, बाहेर कोण जाणार, हे तो नियम बघून ठरवतो. महत्त्वाचे सर्व्हर बरेचदा इंटरनेटपासून तोडलेले असतात. त्यामुळे हॅकरला आत शिरणं अवघड होतं. पण अपडेट तर इंटरनेटवरूनच येतं!

मोठ्या कंपन्या यासाठी अपडेट्सची एक कॉपी आतल्याच सर्व्हरवर ठेवतात. ती सोय नसेल, तर टनल कामी येतो.

टनल चालतो कसा?

यासाठी एसएसएच हे तंत्र वापरलं जातं. विद्यापीठाच्या नेटवर्कवर पासवर्ड चोरीला गेल्यावर फिनलंडच्या तातू युलोनेन यांनी 1995 मध्ये ते तयार केलं.

समजा, सर्व्हरला इंटरनेट नाही, पण अ‍ॅडमिनच्या लॅपटॉपला आहे. लॅपटॉपवरून सर्व्हरमध्ये एसएसएचने लॉगिन करायला फायरवॉलची परवानगीही आहे. मग अ‍ॅडमिन त्याच कनेक्शनमधून एक उलटा रस्ता काढतो. सर्व्हर अपडेट मागतो, ती मागणी एन्क्रिप्ट होऊन लॅपटॉपवर येते, तिथून इंटरनेटवर जाते आणि फाईल त्याच वाटेने परत येते. काम झालं की लॉगआउट, रस्ता बंद. फायरवॉलमध्ये कायमचं भोक पाडावं लागत नाही.

पण आलेली फाईल खरी कशावरून?

एन्क्रिप्शनमुळे टनलमधून काय जातंय ते मधल्यामध्ये कोणाला वाचता येत नाही. पण निघतानाच फाईल बनावट असेल, तर टनल तीही सुखरूप पोहोचवेल. म्हणून उबुंटू, डेबियनसारख्या सिस्टिम अपडेटची डिजिटल सही तपासतात. सही जुळत नसल्याची वॉर्निंग आली, तर ‘चालतंय की’ म्हणून पुढे जायचं नाही.

मग ऑफिसमध्ये आपणही टनल काढायचा का?

परवानगी असेल तरच. तुम्ही उघडा ठेवलेला टनल हा फायरवॉलला न दिसणारा चोरदरवाजा ठरू शकतो. परवानगीशिवाय दुसऱ्याच्या नेटवर्कमध्ये शिरणं भारतात आयटी कायद्याच्या कलम 43 खाली येतं. फुकटचं व्हीपीएन अ‍ॅप टाकणं हाही उपाय नाही, कारण तुमचा सगळा ट्रॅफिक त्या अ‍ॅपवाल्याच्या हातातून जातो.

ऑफिसच्या मशीनवर अपडेट अडकलंय? आयटीवाल्यांना आजच सांगा. 2017 मध्ये अपडेट हाताशी असूनही दोन महिने कमी पडले होते.