राऊटर उलटा करून बघा

सकाळी सात, पिरंगुट

चहाचं आधण ठेवलं की फोन सुरू होतात. “ताई, नेट गेलंय.” माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो: “डब्यावर लाल दिवा लागलाय का?” एलओएस लिहिलेला दिवा लाल झाला, तर फायबरमधून प्रकाशच पोचत नाहीये असं समजायचं. मग राऊटर दहा वेळा बंद-चालू करून उपयोग नसतो. वायर पाहावी लागते. आतला काचेचा तंतू केसाएवढा असतो, तो काटकोनात दुमडला की प्रकाश वाटेतच निसटतो. आजच्या तीन फोनपैकी पहिल्या घरात पाहुण्यांसाठी सोफा सरकवला होता आणि त्याचा पाय वायरवर आला होता. दुसऱ्या घरात लाल दिवा नव्हताच, फक्त रिचार्ज संपला होता. दोन्ही कामं गॅसजवळ उभ्या उभ्या झाली. तिसऱ्यासाठी रेनकोट चढवला.

नऊ, भूगाव

सोसायटीतला चौथा मजला. सूनबाई हिंजवडीच्या कंपनीत, आठवड्यातले तीन दिवस घरून काम. मीटिंगमध्ये आवाज तुटतो, म्हणून नवा महागडा राऊटर घ्यायचा बेत चालला होता. जुना राऊटर टीव्हीच्या कपाटात, माशांच्या टाकीमागे ठेवलेला! लाकडातून लहरी जातात, पण पाणी त्या पिऊन टाकतं. राऊटर काढून पॅसेजमध्ये खांद्याच्या उंचीवर लावला. मग फोनवर आजूबाजूची नेटवर्क मोजली, तर एकोणीस निघाली. 2.4 गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात 1, 6 आणि 11 हे तीनच चॅनेल एकमेकांच्या अंगावर येत नाहीत, आणि इथे निम्मी बिऱ्हाडं सहावर बसलेली. ह्यांचं अकरावर नेलं. लॅपटॉप 5 गिगाहर्ट्झवर टाकला. त्याचा पल्ला कमी, पण गर्दीही कमी.

निघताना राऊटर उलटा केला. खालच्या स्टिकरवर छापलेला पासवर्ड तसाच चालू होता. सूनबाईंच्या सासूबाईंना विचारलं, “आजी, गेल्या वर्षभरात हा स्टिकर कोणाकोणाच्या नजरेला पडला असेल?” त्या बोटं मोजायला लागल्या: रंगारी, एसीवाला, भिशीच्या बायका. सगळ्या घरात हशा पिकला. पासवर्ड बदलला. नवा पासवर्ड म्हणजे एकमेकांशी संबंध नसलेले चार मराठी शब्द, इंग्रजी अक्षरांत. आजींना लक्षात राहील आणि चोराला सुचणार नाही.

साडेअकरा, पौड

सर निवृत्त शिक्षक. त्यांचा संगणक चालू होताना तीनदा बीप वाजवतो आणि पडदा काळाच राहतो. नातवाचा सल्ला, “फॉरमॅट मारा.” पण बीपमध्येच निदान असतं, बहुतेक वेळा रॅमचं. वीज काढली, डबा उघडला. आत धूळ, आणि पंख्याच्या कडेला पालीचं अंडं. रॅमची पट्टी काढून तिच्या सोनेरी दातांवर शाळेतला साधा खोडरबर हलक्या हाताने फिरवला, चुरा ब्रशने झटकला, पट्टी खट् आवाज येईपर्यंत बसवली. पडदा उजळला. “म्हणजे खोडरबर अजून कामाचा आहे!” सर म्हणाले.

खरी अडचण त्यानंतर दिसली. यंत्रावर विंडोज 10, आणि 14 ऑक्टोबर 2025 ला त्याची नेहमीची सुरक्षा अपडेट थांबली. संगणक चालतो, पण नव्या भगदाडांना आपोआप ठिगळ लागत नाही. विंडोज 11 चढवण्याइतकं यंत्र नवं नाही. सरांचं काम पत्रं लिहिणं, कीर्तनं ऐकणं आणि पेन्शनचा हिशेब एवढंच. मी विंडोजऐवजी लिनक्स सुचवलं. त्यात मराठी इनस्क्रिप्ट कळफलक असतोच. पण आधी फोटो आणि कागद बाहेरच्या डिस्कवर घेतले आणि डिस्क सरांच्या कपाटात ठेवली. संगणकालाच जोडून ठेवलेली प्रत संगणकाबरोबरच बुडते.

दीड, ताम्हिणीच्या वाटेवर

पावसाळी पर्यटकांची घरगुती राहण्याची जागा. मालकाची तक्रार, “कॅमेरे सारखे ऑफलाइन जातात.” राऊटर पत्र्याच्या छपराखाली, पत्रा लहरी परतवून लावतो. राऊटरच्या हवेच्या फटींतून मुंग्यांची रांग आत-बाहेर चाललेली. पावसात त्यांना कोरडी ऊब हवी असते. डबा झटकला, जागा बदलली, लांबच्या कॅमेऱ्याला वायर ओढली.

मग कॅमेऱ्याचा लॉगिन विचारला. “ॲडमिन, ॲडमिन,” मालक एकदम म्हणाले. त्यांना 2016 ची गोष्ट सांगितली. मिराई नावाच्या व्हायरसने असे कारखान्यातून आलेले साठेक पासवर्ड आळीपाळीने लावून जगभरचे कॅमेरे आणि राऊटर ताब्यात घेतले. त्या ऑक्टोबरमध्ये त्याच फौजेने अमेरिकेतल्या मोठमोठ्या वेबसाइट काही तास आडव्या पाडल्या. ज्यांचे कॅमेरे त्यात लढले, त्यांच्या घरी कोणाला पत्ताही नव्हता. मालक गंभीर झाले. “म्हणजे माझा कॅमेरा माझ्याच गेस्टवर...?” तेही होऊ शकतं. पाहुण्यांसाठी वेगळं गेस्ट नेटवर्क केलं. कॅमेरे आणि बिलाचा संगणक आतल्या नेटवर्कवर. बटण दाबून जोडायची डब्ल्यूपीएस सोय बंद केली.

साडेतीन, धरणाकाठी

जेवणाचा डबा उघडला आणि वीज गेली. मुळशीचं पाणी घाट उतरून भिऱ्याला जातं; तिथलं वीजघर 1927 पासून मुंबईला उजेड देतंय. ह्या धरणापायी जमिनी गेल्या म्हणून 1921 ला इथल्या मावळ्यांनी सेनापती बापटांच्या मागे सत्याग्रह केला. त्याच पाण्याकडे बघत मी अंधाऱ्या टपरीत भाकरी खाल्ली.

आषाढात माझं निम्मं काम विजेचंच. काचेच्या तंतूतून वीज वाहत नाही, पण ॲडॉप्टरमधून आणि एका घरातून दुसऱ्यात नेलेल्या तांब्याच्या लॅन केबलमधून ती खुशाल येते. म्हणून सगळ्यांना सांगते, गडगडायला लागलं की प्लग काढा. नुसतं बटण बंद करून भागत नाही. राऊटरपुरता बारा व्होल्टचा छोटा यूपीएस घेतला, तर वीज गेल्यावरही बराच वेळ नेट टिकतं.

पाच, पुन्हा पौड

भातलावणीच्या चिखलातून तसेच आलेले एक मामा माझ्या दुकानासमोर उभे. हातात पोराचा फोन. “ताई, गाडीचं चलन आलं होतं, उघडलं, तर काहीच दिसेना.” व्हॉट्सॲपवरची फाइल पाहिली. नावाच्या शेवटी एपीके. तो कागद नसतो, ते ॲप असतं. त्याने एसएमएस वाचायची परवानगी मागितली होती आणि मामांनी ती दिली होती. आता बँकेचा ओटीपी आला की तो तिकडेही पोचणार.

आधी फोन एअरप्लेन मोडवर. मग माझ्या फोनवरून बँकेला कळवून खातं गोठवलं आणि सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा 1930 हा नंबर लावला. पैसे गेलेले नव्हते. फोनमधून ते ॲप काढलं, फोटो उतरवून घेतले, फोन पूर्ण रीसेट केला, पासवर्ड दुसऱ्या यंत्रावरून बदलले. मामा खाली मान घालून म्हणाले, “मी अडाणी, म्हणून फसलो.” त्यांना खरं ते सांगितलं: गेल्या महिन्यात ह्याच खुर्चीवर एक इंजिनियर बसले होते. दंडाची भीती घातली की शिकलेलाही आधी दाबतो, मग वाचतो.

रात्री नऊ, घर

स्वतःच्या राऊटरमध्ये शिरून जोडलेल्या यंत्रांची यादी पाहिली. सात असायला हवीत, सातच होती. नवं फर्मवेअर आलं होतं, ते चढवलं. पाच मिनिटांचं काम.

दिवसभरात मी खोडरबर वापरला, मुंग्या झटकल्या, सोफा सरकवायला लावला. यंत्र खऱ्या अर्थाने बिघडलेलं एकाही घरी नव्हतं. पासवर्ड मात्र दोन घरांत कारखान्यातून आला तसाच होता. लाल दिवा लागला तर कधीही फोन करा, मी येईन. पण ह्या कामासाठी माझी वाट बघू नका. आज जेवणं झाल्यावर आपला राऊटर उलटा करा आणि खालचा स्टिकर वाचा. त्यावरचा पासवर्ड अजून चालत असेल, तर झोपण्याआधी बदला.